डे-केअरची फी, एफएसए आणि क्रेडिट: ओपन एन्रोलमेंटचा फॉर्म भरण्यापूर्वीचे गणित

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण उभयता टेक्ससमध्ये नोकरी करता. दोघांचा मिळून वार्षिक पगार १,४६,००० डॉलर असून त्यातील ६२,००० आपला आहे. मुलगी नुकतीच चार वर्षांची झाली आहे, मुलगा दहा महिन्यांचा आहे, आणि डे-केअरने मुलासाठी आठवड्याला ४१० व मुलीसाठी ३३० डॉलर फी सांगितली आहे. २०२६ सालासाठी कंपनीचे ओपन एन्रोलमेंट (पुढच्या वर्षाच्या सवलती निवडण्याची मुदत) सुरू असून डिपेंडंट केअर एफएसएमध्ये, म्हणजे मुलांच्या देखभालीसाठी पगारातून करापूर्वी पैसे बाजूला काढण्याच्या खात्यात, किती रक्कम लिहावी, हे ठरत नाही. सहकारी म्हणतात, डोळे झाकून कमाल रक्कम टाका. नणंद म्हणते, २०२६ पासून क्रेडिट (देखभालखर्चावर करातून मिळणारी थेट सूट) वाढले आहे, एफएसएच्या भानगडीत पडू नका. त्याखेरीज सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत, शेजारच्या एक मावशी रोखीने मुले सांभाळायला तयार आहेत, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा नोकरीच सोडावी का, असाही विचार आपल्या मनात आहे.

मी गेली अठरा वर्षे मुख्यतः भारतीय कुटुंबांची करविवरणपत्रे भरतो. माझा अनुभव असा की लोक या विषयाची सुरुवात कर वाचवण्यापासून करतात आणि तिथेच फसतात. कराची बचत वर्षाकाठी दोन-सव्वादोन हजारांची आहे आणि फी अडतीस हजारांच्या पुढे जाते. म्हणून आधी फीचा खरा आकडा काढू आणि मग कराकडे वळू.

डे-केअरची फी आठवड्याची असते, तर आपले घरभाडे, गाडीचा हप्ता आणि विमा महिन्याचा असतो. बहुतेक जण आठवड्याच्या फीला चाराने गुणून मोकळे होतात. आपल्या बाबतीत ७४० गुणिले चार म्हणजे २,९६० डॉलर होतात, आणि आपण पत्रात नेमका हाच आकडा लिहिला आहे. वर्षात मात्र ५२ आठवडे असतात. ७४० गुणिले ५२ म्हणजे ३८,४८० डॉलर, आणि त्याला बाराने भागले की महिन्याला सुमारे ३,२०७ येतात. दर महिन्याला जवळजवळ २४७ डॉलरची ही तूट कुठून आली, हे कळत नाही आणि ती क्रेडिट कार्डावर साचत जाते. आठवड्याची फी असणाऱ्या वर्षात चार महिने पाच हप्त्यांचे येतात. ते कॅलेंडरवर आजच खुणा करून ठेवावेत.

फीच्या पलीकडेही खर्च आहेत. प्रवेशाचे आणि दरवर्षीच्या नूतनीकरणाचे शुल्क, जागा धरून ठेवण्याची अनामत, उशिरा नेल्यास मिनिटाच्या हिशेबाने आकारला जाणारा दंड आणि दरवर्षीची फीवाढ हे सारे करारात लिहिलेले असते, फक्त ते वाचायचे राहून जाते. सर्वांत मोठा पण अदृश्य खर्च आजारपणाचा आहे. पहिल्या वर्षी बाळ सर्दी-तापाने वरचेवर घरी राहते, त्या दिवसांची फी भरावीच लागते आणि शिवाय कोणाची तरी रजा जाते. सेंटर बंद असलेल्या सुट्ट्यांनाही बहुधा फी माफ नसते. माझ्या मते पहिल्या वर्षासाठी दीड महिन्याच्या फीइतकी रक्कम बाजूला असावी. ती नसेल, तर प्रवेश एक महिना पुढे ढकललेला बरा.

दिलासा एवढाच की हा आकडा उतरत जातो. तान्ह्या बाळांच्या वर्गात एका बाईंकडे थोडीच मुले ठेवण्याची राज्यांच्या परवाना नियमांची सक्ती असते, म्हणून ती फी सर्वांत जास्त असते. मूल मोठे होते तसे हे प्रमाण सैल होते आणि फीही उतरते. मुलगा पुढच्या वर्गात केव्हा जाईल आणि त्या दिवसापासून फी किती होईल, हे सेंटरकडून लेखी घ्यावे. काही ठिकाणी वाढदिवस उलटला तरी वरच्या वर्गात जागा नाही म्हणून जुनीच फी चालू राहते.

आता कर. संघीय कायद्यात कामासाठी केलेल्या मुलांच्या देखभालखर्चावर दोन सवलती आहेत. पहिली डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे कर कापण्याच्या आधीच पगारातून बाजूला काढलेली रक्कम. तिच्यावर संघीय प्राप्तिकर लागत नाही आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्केही लागत नाहीत. दुसरी चाइल्ड अँड डिपेंडंट केअर क्रेडिट, म्हणजे वर्षअखेरीस फॉर्म २४४१ भरून करातून थेट वजा होणारी रक्कम. प्रत्येक मुलामागे मिळणारे चाइल्ड टॅक्स क्रेडिट ही निराळी गोष्ट आहे. ते सतरा वर्षांखालील मुलामागे २,२०० डॉलर आहे, त्याचा डे-केअरच्या फीशी संबंध नाही, आणि एफएसए घेतली काय किंवा नाही घेतली काय, त्याला धक्का लागत नाही.

१९८६ पासून एफएसएची मर्यादा कुटुंबामागे ५,००० डॉलरवर गोठलेली होती. अपवाद फक्त २०२१ या एका वर्षाचा. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने ती २०२६ पासून ७,५०० केली. ही मर्यादा नवरा-बायको दोघांची मिळून आहे, प्रत्येकाची वेगळी नाही. त्याच कायद्याने क्रेडिटचे दरही बदलले. क्रेडिटसाठी मोजता येणारा खर्च पूर्वीइतकाच आहे, म्हणजे एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी ६,००० डॉलर. दर मात्र पूर्वी ४३,००० डॉलरवरील उत्पन्नाला सरसकट २० टक्के असायचा, तो आता ५० टक्क्यांपासून सुरू होतो, ४३,००० च्या पुढे ३५ टक्क्यांवर येतो आणि संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी १,५०,००० डॉलरपर्यंत तिथेच राहतो. त्यानंतर दर ४,००० डॉलरमागे एकेक टक्का घसरत तो २०६,००० च्या पुढे २० टक्क्यांवर स्थिरावतो. इथे उत्पन्न म्हणजे ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम, ठरावीक वजावटींनंतर उरणारे एकूण उत्पन्न, ज्याला आपण सगळे एजीआय म्हणतो.

यातील खरी मेख अशी की एफएसएमधून घेतलेला प्रत्येक डॉलर क्रेडिटच्या ३,००० किंवा ६,००० च्या मर्यादेतून वजा होतो. एकाच खर्चावर दोन्ही सवलती मिळत नाहीत. ७,५०० ची एफएसए घेतली की ६,००० ची मर्यादा पूर्ण संपते आणि क्रेडिट शून्य होते.

आपले आकडे मांडू. सोयीसाठी ४०१(के), म्हणजे निवृत्तीच्या बचतीची, आणि आरोग्यविम्याची कपात बाजूला ठेवतो, म्हणजे आपला एजीआय १,४६,००० धरतो. २०२६ चे संयुक्त स्टँडर्ड डिडक्शन (सर्वांना मिळणारी ठोक वजावट) ३२,२०० वजा केले की करपात्र उत्पन्न १,१३,८०० राहते. संयुक्त विवरणपत्रात २२ टक्क्यांचा टप्पा १,००,८०० नंतर सुरू होतो, म्हणून एफएसएचे सगळे ७,५०० डॉलर २२ टक्क्यांच्या टप्प्यातूनच कमी होतात. २२ अधिक ७.६५ म्हणजे २९.६५ टक्के, आणि ७,५०० वर त्याची बचत होते २,२२३ डॉलर ७५ सेंट. टेक्ससमध्ये पगारावर राज्याचा प्राप्तिकर नसल्याने तिथली भर काही नाही. एफएसए मुळीच घेतली नाही, तर ६,००० च्या ३५ टक्के म्हणजे २,१०० डॉलर क्रेडिट मिळते. आपले सहकारी आणि आपली नणंद यांच्या सल्ल्यांत अवघा १२४ डॉलरचा फरक आहे.

मात्र दोघांपैकी कोणीच न सांगितलेली गोष्ट ही की मधली रक्कम सर्वांत वाईट. समजा, जपून चालावे म्हणून आपण ५,००० लिहिले. त्यावर २९.६५ टक्क्यांनी १,४८२ डॉलर ५० सेंट वाचतात. क्रेडिटसाठी उरतात १,०००, त्यांचे ३५ टक्के म्हणजे ३५०. दोन्ही मिळून १,८३२ डॉलर ५० सेंट, म्हणजे पूर्ण एफएसएपेक्षाही कमी आणि नुसत्या क्रेडिटपेक्षाही कमी. कारण उघड आहे. आपल्या उत्पन्नात एफएसएचा डॉलर साडेएकोणतीस सेंटच्या आसपास वाचवतो आणि क्रेडिटचा डॉलर पस्तीस सेंट. पहिल्या ६,००० पर्यंत एफएसएचा प्रत्येक डॉलर पस्तीस सेंटचे क्रेडिट गमावून मिळतो. त्यानंतरच्या १,५०० वर मात्र काहीच गमवावे लागत नाही, आणि तिथेच सगळी भरपाई होते. म्हणून आपल्या स्थितीत एक तर ७,५०० लिहावेत किंवा शून्य.

यावरूनच पहिले काम ठरते. आपल्या कंपनीच्या प्लॅनने नवी मर्यादा स्वीकारली आहे का, हे लेखी विचारा. कायद्याने कमाल मर्यादा वाढवली आहे. ती स्वीकारण्याची सक्ती कंपनीवर नाही. एन्रोलमेंटच्या पडद्यावर कमाल रक्कम अजून ५,००० दिसत असेल, तर आपल्या बाबतीत एफएसए न घेणे आणि ६,००० वर क्रेडिट घेणे हेच फायद्याचे आहे. दोन वर्षांपूर्वी हा सल्ला कोणी दिला असता, तर मी त्याला वेड्यात काढले असते.

हे उत्तर सर्वांसाठी नाही. मूल एकच असते, तर क्रेडिट ३,००० च्या ३५ टक्के म्हणजे १,०५० वर थांबले असते आणि एफएसए दुपटीहून सरस ठरली असती. दोन मुले आणि एकत्रित पगार ९०,००० असता, तर करपात्र उत्पन्न १२ टक्क्यांच्या टप्प्यात आले असते. तिथे एफएसएची बचत १९.६५ टक्क्यांनी १,४७४ डॉलरच्या आसपास, आणि क्रेडिट पूर्ण २,१००. म्हणजे नणंदेचे म्हणणे बरोबर. ३,००,००० पगाराच्या घरात क्रेडिट २० टक्क्यांनी १,२०० मिळते आणि एफएसएने ३१.६५ टक्क्यांनी २,३७४ वाचतात; तिथे सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर. अशा घरात एफएसए शक्यतो कमी पगार असलेल्या जोडीदाराच्या नावावर घ्यावी. सोशल सिक्युरिटीचा ६.२ टक्के कर २०२६ मध्ये १,८४,५०० डॉलरपर्यंतच्या पगारावरच लागतो. ज्याचा पगार त्याच्या बराच वर आहे, त्याला एफएसएने त्या कराची काही बचत होत नाही. शिवाय मोठ्या पगाराच्या कर्मचाऱ्यांना या योजनेचा झुकता लाभ मिळत नाही ना, हे कंपनीला दरवर्षी तपासावे लागते, आणि त्या तपासणीत कंपनी नापास झाली तर वर्षाच्या मध्यावर मोठ्या पगारवाल्यांची एफएसए कापली जाते.

राज्याकडेही एकदा पाहावे लागते. आपल्याला त्याची गरज नाही. पण न्यू जर्सीत राहणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावे की तिथे एफएसएची रक्कम राज्याच्या करातून सुटत नाही, त्यामुळे डब्ल्यू-टूवर (कंपनीच्या वार्षिक पगारपत्रकावर) राज्याचा पगार संघीय पगारापेक्षा जास्त दिसतो आणि ती चूक नसते.

आपल्याला १२४ डॉलरच्या फरकासाठी मी काय सांगेन? प्लॅन ७,५०० पर्यंत जात असेल, तर एफएसए घ्या. कारण त्या १२४ डॉलरचे नाही. आपली फी पहिल्या अकरा आठवड्यांतच ७,५०० ओलांडते, त्यामुळे पैसे बुडण्याची धास्ती जवळजवळ नाही, आणि बचत दर पगारात मिळते, विवरणपत्राची वाट पाहावी लागत नाही. दोघांपैकी कोणाची नोकरी डळमळीत असेल, तर मात्र मी क्रेडिटच निवडीन, कारण नोकरी सुटली तर क्रेडिट कंपनीबरोबर जात नाही.

पैसे बुडण्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण त्यात माझेच हात पोळले आहेत. डिपेंडंट केअर एफएसएमधील शिल्लक पुढच्या वर्षी नेता येत नाही. फार तर कंपनीने ठेवली असेल तर अडीच महिन्यांची वाढीव मुदत मिळते. माझ्या पत्नीच्या नोकरीत आम्ही एका वर्षी पूर्ण ५,००० लिहिले होते. शाळेनंतरची देखभाल आणि जून-जुलैची दोन महागडी समर कॅम्प्स धरून तो आकडा आला होता. मुलीचा तेरावा वाढदिवस त्या मे महिन्यात होता. खर्च तेराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंतचाच चालतो, हे मी दर आठवड्याला कोणाला तरी सांगत होतो, आणि स्वतःच्या घरी मात्र कॅम्पची पावती नामंजूर होऊन आली तेव्हाच ते डोक्यात शिरले. वाढदिवसानंतर ठरावीक दिवसांत कपात थांबवता आली असती. ती मुदतही उलटून गेली होती. आपल्याकडे तेरा वर्षे दूर आहेत, पण नियम तोच आहे: बाळाचा जन्म, फीतील किंवा सेंटरमधील बदल, जोडीदाराची नोकरी सुटणे अशा प्रसंगी वर्षाच्या मध्यावर रक्कम बदलता येते, मात्र बहुतेक प्लॅन त्यासाठी तीसच दिवस देतात.

आणखी एक अडचण जानेवारीत येते. आरोग्याच्या एफएसएसारखी इथे वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवशी मिळत नाही. जेवढी पगारातून कापली गेली तेवढीच परत मागता येते. दर पंधरवड्याला पगार असेल, तर ७,५०० भागिले २६ म्हणजे प्रत्येक पगारातून २८८ डॉलर ४६ सेंट कापले जातील, त्याच आठवड्यात डे-केअरला ७४० द्यायचे असतील, आणि भरपाई यायला काही दिवस लागतील. पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी हाताशी वेगळी रक्कम हवी. क्रेडिटचा मार्ग घेतला तर उलट करता येते: पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला कळवणाऱ्या फॉर्म डब्ल्यू-४ च्या तिसऱ्या पायरीत अपेक्षित क्रेडिट लिहिले की दर पगारातली करकपात तेवढी कमी होते. दरवर्षी एप्रिलमध्ये मोठा परतावा घेऊन आनंदणाऱ्या आणि वर्षभर कार्डावर व्याज भरणाऱ्या घरांना मी हे हटकून सांगतो.

कोणता खर्च मोजता येतो, यात तीन ठिकाणी आपले लोक हमखास चुकतात. नर्सरी आणि प्रीस्कूलची फी पूर्ण चालते, पण किंडरगार्टन आणि त्यापुढील शिक्षणाची फी चालत नाही. शाळेच्या आधीची आणि नंतरची देखभाल मात्र चालते. दिवसाचे समर कॅम्प चालते, मग ते फुटबॉलचे असो की कॉम्प्युटरचे. मुक्कामी कॅम्प चालत नाही आणि शिकवणीही चालत नाही. तिसरी चूक बाळंतपणाच्या रजेची आहे. आपण रजेवर असताना मुलीची जागा जाऊ नये म्हणून तिला डे-केअरमध्ये पाठवत होता, असे आपण लिहिले आहे. हा खर्च दोघांनाही काम करता यावे म्हणून झालेला असला पाहिजे. सलग दोन आठवड्यांपर्यंतची गैरहजेरी आयआरएस (संघीय करखाते) क्षम्य धरते. त्याहून लांब रजेतली फी दोन्ही सवलतींतून वगळावी लागते. २०२५ च्या विवरणपत्रात ते आठवडे आठवणीने वजा करा. जागा धरण्याची अनामत, बाळ खरोखर तिथे गेले तर मोजता येते. विचार बदलून अनामत बुडाली तर नाही.

शेजारच्या मावशींबद्दल. त्या स्वतःच्या घरी मुले सांभाळणार असतील, तर त्या स्वतंत्र व्यावसायिक ठरतात. आपल्याला त्यांचे नाव, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी किंवा करक्रमांक लागतो. तो मागण्यासाठी फॉर्म डब्ल्यू-१० आहे. क्रेडिट घ्या किंवा एफएसए, फॉर्म २४४१ मध्ये हा तपशील भरावाच लागतो. रोखीत पैसे देणे बेकायदा नाही, पण पावतीशिवाय देणे मूर्खपणाचे आहे. त्यांनी क्रमांक द्यायला नकार दिला, तर आपण मागितल्याचा पुरावा जोडून खर्च दाखवता येतो. मात्र त्यानंतर त्यांच्याशी शेजारपण कसे राहील, याचा विचार आधी करावा. त्या आपल्या घरी येऊन, आपण ठरवलेल्या वेळेत सांभाळणार असतील, तर चित्र पालटते: त्या आपल्या कर्मचारी होतात. २०२६ मध्ये एका व्यक्तीला ३,००० डॉलर किंवा अधिक रोख वेतन दिले की सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर कर भरणे, डब्ल्यू-टू देणे आणि आपल्या विवरणपत्राबरोबर शेड्यूल एच (घरकामगारांच्या कराचा फॉर्म) जोडणे भाग पडते. आठवड्याला ६०० डॉलरप्रमाणे पन्नास आठवड्यांचे ३०,००० झाले, तर आपल्या वाट्याचे ७.६५ टक्के म्हणजे २,२९५ डॉलर वर लागतात. ते देखभालखर्चात मोजता येतात, पण अंदाजपत्रकात ते आधी धरलेले कोणीच मला दिसत नाही.

आजी-आजोबांचा प्रश्न नाजूक आहे. कराच्या कायद्यात आजीला पैसे देण्यास मनाई नाही. त्या आपल्या विवरणपत्रावर अवलंबित म्हणून दाखवलेल्या नसल्या म्हणजे झाले. परंतु बी-२ (पर्यटक) व्हिसावर आलेल्या व्यक्तीला इथे मोबदल्याचे काम करता येत नाही. म्हणून त्यांना 'पगार' देऊन क्रेडिट घेण्याची जी युक्ती कुणीतरी सुचवते, ती कराच्या फायद्यासाठी त्यांचाच पुढचा व्हिसा धोक्यात घालणारी आहे. ते नातवंडांत रमतील, आपला आठवड्याचा एखादा दिवस सुटेल, एवढेच धरून चालावे. ते सहा महिने आहेत म्हणून मुलाची जागा सोडली, तर ते परतल्यावर प्रतीक्षा यादीत शेवटून सुरुवात करावी लागते, हेही हिशेबात घ्या.

आता नोकरी सोडण्याचा प्रश्न. आपला ६२,००० पगार गेला, तर संघीय प्राप्तिकर सुमारे ८,७४० ने आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर ४,७४३ ने कमी होईल, म्हणजे हाती येणारे ४८,५०० च्या आसपास जातील. त्यासमोर ३८,४८० ची फी वाचेल, आणि देखभालखर्चावरची २,२०० ची करसवलतही जाईल, कारण दोघांनाही कमावते उत्पन्न असल्याशिवाय ती मिळत नाही. सारांश काढला तर आज आपली नोकरी घरात वर्षाला सुमारे १२,००० डॉलर शिल्लक टाकते. हे कमी वाटते, आणि म्हणूनच अनेक जणी इथे थांबतात. पण फी दोघांच्या मुलांची आहे, तर वजाबाकी एकटीच्या पगारातून का करायची, हे मला कधीच पटलेले नाही. शिवाय या बारा हजारांत ४०१(के) मधील कंपनीचा वाटा नाही, पगारवाढ नाही आणि सोशल सिक्युरिटीच्या ३५ वर्षांच्या सरासरीत पडणारे शून्य नाही. मूल आजारी असताना आपली दमछाक होते, ही बाब पैशात मांडता येत नाही, आणि ती आपण दोघांनीच ठरवायची आहे. मात्र 'नोकरीत काहीच उरत नाही' हे कारण आकड्यांत टिकत नाही.

ज्या वाचक घरी एच-४ व्हिसावर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहेत आणि ज्यांना काम करण्याची परवानगी नाही, त्यांच्या कुटुंबाला या दोन्ही सवलती बहुधा मिळत नाहीत. अपवाद पूर्णवेळ विद्यार्थ्याचा आहे. वर्षात किमान पाच महिने पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्या जोडीदाराचे एका मुलासाठी महिना २५० आणि दोन मुलांसाठी ५०० डॉलर उत्पन्न कायदा गृहीत धरतो. नऊ महिन्यांचे ४,५०० झाले, तर तेवढ्याच खर्चापर्यंत सवलत मिळते. भारतात जन्मलेल्या आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या मुलामागे चाइल्ड टॅक्स क्रेडिटऐवजी ५०० डॉलरचे दुसरे क्रेडिट असते. देखभालखर्चाच्या क्रेडिटसाठी मात्र त्या मुलाचा आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना मिळणारा करक्रमांक) चालतो.

शेवटी पुढच्या दोन वर्षांचे एक वळण आत्ताच कागदावर घ्या. टेक्ससमध्ये १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना किंडरगार्टनमध्ये प्रवेश मिळतो, म्हणजे आपली मुलगी २०२७ च्या ऑगस्टमध्ये सरकारी शाळेत जाईल. तिचे आठवड्याचे ३३० डॉलर त्या दिवशी थांबतील, शाळेनंतरच्या देखभालीचे सुरू होतील, आणि पुढच्या उन्हाळ्यात दहा-अकरा आठवड्यांचे कॅम्प शोधावे लागेल, ज्याची नोंदणी अनेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीतच भरते. मुलाची फी एकटीच ७,५०० च्या बरीच वर असल्याने एफएसएचा आकडा बदलायची गरज पडणार नाही. क्रेडिट घेत असाल, तरी दोन मुलांचा ६,००० चा खर्च दोघांत समान विभागलेला असावा अशी अट नाही. बदलेल तो फक्त महिन्याचा हप्ता, आणि त्यातून सुटणारे पैसे सप्टेंबरच्या पहिल्या पगारापासूनच वेगळ्या खात्यात वळवण्याची सूचना बँकेला आधीच देऊन ठेवावी.